चिठ्ठ्या लावलेल्या तारा

रचनाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका नव्या गाडीला स्कॅनर लावून बसलो होतो.

"शेखरदादा, बाबाची गाडी बंद पडली. गंगाझरीच्या थोडं अलीकडे." ती थांबली. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा हाय ही. बाबा गाडीतच बसून हायेत. तुमी येता का?"

अकरा वर्षांत त्या घरातून मला आलेला हा पहिला फोन होता. मी येतो म्हणालो.

रचनाचे बाबा म्हणजे देवीदास शहारे. तिरोड्यात त्यांना देवीदास मिस्त्री म्हणत. गाडीच्या इलेक्ट्रिकच्या कामात त्यांच्यासारखा माणूस तुमसरपासून गोंदियापर्यंत नव्हता. आयटीआय करून मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो आणि सहा वर्षांत त्यांनी माझ्या एकाही कामाला चांगलं म्हटलं नाही. काम झालं की ते येत, तार दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघत. चुकलं असेल तर म्हणत, "पुन्हा पाय." म्हणजे पुन्हा बघ. बरोबर असेल तर काही न बोलता पुढच्या गाडीकडे जात. ते न बोलणं म्हणजेच पास, हे समजायला मला वर्ष लागलं.

आमचं फाटलं ते एका फ्यूजवरून. लग्नाची गाडी होती, नवरदेव आत घामाघूम, आणि त्या मापाचा फ्यूज पेटीत नव्हता. मी तारेचा एक धागा काढला, फ्यूजच्या जागी गुंडाळला आणि गाडी लावून दिली. गाडी वऱ्हाड पोहोचवून परत आली तेव्हा अर्धी वायरिंग वितळली होती. उस्तादांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "फ्यूज जळते म्हनून गाडी वाचते. तू फ्यूजच मारून टाकला. ह्याच्यापुढं माह्या पेटीले हात लावजो नको."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यांनीही बोलावणं धाडलं नाही. वर्षभरात मी बसस्टँडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं, मग कर्ज काढून स्कॅनर घेतला. गाड्या बदलत गेल्या. नव्या गाडीत कुठं काय बिघडलं ते मशीनच सांगते. उस्तादांकडे हळूहळू ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा तेवढ्या उरल्या, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी शटर ओढलं. मी कोणाचं गिऱ्हाईक तोडलं नाही, असं मी बायकोला सांगायचो. ते खरंही होतं. गिऱ्हाईक आपल्या पायांनी माझ्याकडे आलं.

नोव्हेंबरात त्यांना लकवा मारला. चहाच्या टपरीवर कळलं. जाऊन येऊ म्हणत होतो. एकाच गावात, फार तर पंधरा मिनिटांची वाट. नोव्हेंबर गेला, संक्रांत गेली, मार्च उजाडला आणि मी गेलो नव्हतो.

गंगाझरीच्या रस्त्यावर ती पांढरी मारुती एका पळसाखाली उभी होती. उस्तादांची एकुलती गाडी, सत्त्याण्णवचं मॉडेल. रचना दवाखान्याच्या फायलीनं बापाला वारा घालत होती. ती नर्स आहे. पूर्वी नवेगाव बांधच्या दवाखान्यात होती, बापाच्या लकव्यानंतर आई एकटी पडली म्हणून तिनं खटपट करून तिरोड्याजवळ बदली घेतली होती. दर बुधवारी ती बापाला गोंदियाला न्यायची. तिथं एक मॅडम लकव्याच्या माणसांकडून बोलण्याचा सराव करून घेत. रेल्वे होती, पण अर्धं अंग गेलेल्या माणसाला डब्यात चढवणं दोघी मायलेकींच्या आवाक्यातलं नव्हतं.

मी खिडकीशी वाकलो. उस्ताद निम्मे झाले होते. उजवा हात मांडीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. त्यांनी मला ओळखलं. डोळ्यांवरून ते स्पष्ट कळलं. तोंड वाकडं करत, जोर लावत ते म्हणाले, "बराबर."

सहा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"तेवढा एकच शब्द राहिला हाय," रचना हळूच म्हणाली. "पानी पायजे, बराबर. भूक नाई, बराबर. राग आला तरी बराबर. मॅडम म्हनतात, मेंदूत कोनता तरी एक शब्द अडकून बसते. त्याले काई अर्थ नसते."

ओळखीच्या पिकअपला दोर बांधून गाडी उस्तादांच्या घरी आणली.

जुन्या गाडीत कॉम्प्युटर नसतो. चावीचा स्विच, फ्यूज, रिले आणि ठिणगी सांभाळणारं इग्निशनचं एक मॉड्यूल, एवढ्यांवर सगळा कारभार. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. बारीक तारेतून तिला हुकूम मिळतो, मग ती जाड तारेतला करंट सोडते. हे तीनचार सुटे भाग तपासले की निम्मा आजार कळतो. गाडी गरम झाली की बंद पडत होती, अर्ध्या तासानं आपोआप सुरू होत होती. मॉड्यूल गेलं असणार, हे मी रस्त्यातच ओळखलं होतं. पण रचना म्हणाली की हॉर्न वाजवला की दिवे मंदावतात, आणि डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर हलतो. हे मॉड्यूलचं काम नव्हतं.

अंगणात शेजारणीनं मोहफुलं वाळत घातली होती. ती एका कडेला सारून आम्ही गाडी सावलीत ढकलली. पार्वताबाईंनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, प्लॅस्टिकची खुर्ची आणून नवऱ्याला गाडीच्या दारासमोर बसवलं. माझ्याकडे पाहून त्या फक्त म्हणाल्या, "आला तू." काऊन आला नाहीस इतके दिवस, असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

डॅशबोर्डखालचा पत्रा काढला, टॉर्च लावला आणि उताणा झालो. वर सगळी वायरिंग ओळखीची होती. उंदरांनी मूळ वायरिंग खाल्ली तेव्हा उस्तादांनी ती पूर्ण नव्यानं ओढली होती, आणि आठ दिवस मी त्यांच्या शेजारी बसून तारा सोलत होतो. चार-चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. प्रत्येक जोड सोल्डर केलेला, त्याच्यावर नळी. आणि प्रत्येक तारेच्या टोकाला कागदाची बारीक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं नाव, वरून पारदर्शक टेप. हॉर्न. पंखा. डावा दिवा. उस्ताद सातवी शिकलेले, पण त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्या काळी एका रंगाची तार संपली तर दुसऱ्या रंगाची जोडावी लागे. म्हणून ते म्हणत, "रंगावर जाऊ नको, चिठ्ठीवर जा."

मी टॉर्च पुढे सरकवला. फ्यूजपेटीच्या मागे दुसऱ्याच माणसाचं काम दिसलं.

तारा नुसत्या पिळून जोडल्या होत्या. जोडांवर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली. पंख्याच्या रिलेच्या चार तारांपैकी दोन एकमेकींना बांधलेल्या. एक निळी तार कुठूनच निघत नव्हती आणि कुठंच जात नव्हती. एका फ्यूजच्या जागी तंबाखूच्या पुडीतली चांदी, म्हणजे आतला चमकी कागद, दुमडून बसवली होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो रागाचा. कोण्या गाढवानं उस्तादांच्या गाडीला हात लावला? मग मला चिठ्ठ्या दिसल्या.

वेगवेगळ्या तीन तारांवर 'पंखा' लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर 'डावा डावा'. एकीवर 'पखां'. अक्षर त्यांचंच होतं, पण खाली उतरत गेलेलं, शेवटी कागदाच्या बाहेर पडलेलं. पेटीच्या अगदी मागे दोन चिठ्ठ्या होत्या त्यांच्यावर अक्षरच नव्हतं. पेन्सिलीच्या पाचसहा उभ्या रेघा होत्या, जवळजवळ, दाबून काढलेल्या. टेप मात्र सरळ लावली होती.

तारांचं तांबं अजून चमकत होतं. चिकटपट्टीला धूळ नव्हती. हे काम फार तर वर्षभराचं होतं. आणि नोव्हेंबरनंतर त्यांचा उजवा हात चाललेलाच नव्हता. म्हणजे लकव्याच्या आधीचं. एका दिवशीचंही नव्हतं ते. कधी एक जोड, कधी दुसरा, असं करत करत महिनोन् महिने ते या पेटीशी झगडत होते.

मी बाहेर यायला घाबरलो. दारातून मला त्यांचे पाय दिसत होते, एका पायात चप्पल, एका पायात मोजा.

"बराबर?" ते म्हणाले. या वेळी तो प्रश्न होता, असं मला वाटलं.

संध्याकाळी रचना दुपारपाळीची ड्यूटी करून आली. "का झालं हाय गाडीले?"

"जुनी झाली," मी म्हणालो. "चावीचा स्विच, फ्यूजपेटी, रिले, मॉड्यूल, सगळंच बदलतो. वायरिंग पन नवी टाकतो."

"बाबाची वायरिंग काढता?"

"काढा लागन."

ती पायरीवर बसली. "डॉक्टर विचारत होते, आधी काई दिसलं होतं का म्हनून. विसरनं, हात ढिला पडनं, बोलताना अडकनं. आमी नाई म्हनलं. एकदम धडधाकट होते बाबा. मी नर्स होये दादा. मले दिसलं नसतं का?"

मी पाना पुसत राहिलो. ते सांगायची जागा तीच होती, आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं गोंदियाला जाऊन सामान आणलं. रिले, स्विच आणि मॉड्यूल नवे मिळाले. फ्यूजपेटी त्या मॉडेलची कुठं मिळेना, शेवटी भंगारवाल्याकडे उभ्या एका गाडीतून चांगली काढून घेतली. दुपारी जुनी वायरिंग सोडवायला बसलो. मुळापासून तारांचा सगळा गुंडा सोडवून बाहेर ओढला तेव्हा तो दोन्ही हातांत मावत नव्हता. ठेवायला जागा नव्हती म्हणून उस्तादांच्या खुर्चीशेजारच्या पोत्यावर ठेवला आणि पुन्हा आत वळलो.

मागून खुर्ची करकरली. वळून पाहिलं तर ते डाव्या अंगावर वाकले होते आणि डाव्या हातानं गुंड्यातली एक चिठ्ठी ओढत होते. ती रेघांची चिठ्ठी होती. टेप सुटेना. त्यांनी ती तार तोंडाशी नेली आणि दातानं चिठ्ठी तोडली. मुठीत चुरगाळली. मग दुसरी शोधू लागले.

"उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "बराबर," ते म्हणाले, आणि मान जोरजोरात नाही-नाही अशी हलवली. "बराबर. बराबर. बराबर."

त्यांना सगळं माहीत होतं. आपण काय लिहिलं, काय जोडलं, ते त्यांना तेव्हाही कळत होतं आणि आताही कळत होतं. ते कोणी पाहू नये एवढंच त्यांना हवं होतं. आणि मी ते पाहिलं होतं.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. कटर घेतलं आणि एकेक वाईट चिठ्ठी कापून त्यांच्या हातावर ठेवू लागलो. तीन पंखे. डावा डावा. पखां. ते प्रत्येक चिठ्ठी नीट पाहत आणि मूठ मिटत. चांगल्या, जुन्या चिठ्ठ्यांना आम्ही दोघांनीही हात लावला नाही. चिकटपट्टीचे जोड मी तोडून खिशात टाकले. चांदीचा फ्यूज मी आधीच काढून फेकला होता. त्यांनी मोकळ्या पेटीतल्या त्या खाचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. एका फ्यूजसाठी मी अकरा वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता मलाच त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

पार्वताबाई चहा घेऊन आल्या. मी घाईनं गुंडा पोत्यात लोटला. उस्तादांनी मूठ मांडीखाली लपवली. पार्वताबाईंनी दोघांकडे पाहिलं, कप ठेवले, नवऱ्याची मूठ हळूच मांडीखालून काढली, बोटं उलगडली, कागदाचे बोळे पदरात घेतले आणि आत गेल्या. घरात चूल पेटलेली होती.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यापासून. गाडीत जाऊन बसत आनि तासतासभर बाहेर येत नोहते. एक दिवस मी पायलं तं पिवरी तार हातात धरून रडून राहिले. म्हने, हे कायची होय मले आठवून नाई राहिलं. मले शपथ घातली. पोरीले सांगजो नको, कोनालेच सांगजो नको. लोक म्हनतीन, देवीदास मिस्त्रीले तार समजत नाई."

"डॉक्टरले तरी सांगाचं होतं, काकू."

"शपथ होती ना."

मग त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी म्या त्याईले तुह्या दुकानापाशी आनलं होतं. म्हनलं, शेखरले विचारा, घरचा पोरगा होये, तो कोनाले सांगनार नाई. समोरच्या कापडाच्या दुकानापाशी उभे राहिलो. तुह्याकडं गिऱ्हाईक होते. हे म्हने, चाल, तो कामात हाय. परत आलो."

तो दिवस मला आठवत होता. मी त्यांना पाहिलं होतं. उस्ताद माझं दुकान बघायला आले, कोणाची गाडी लागली आहे ते मोजायला आले, असं मला वाटलं. मी बॉनेटखाली डोकं घातलं आणि मुद्दाम मोठ्यानं हसत गिऱ्हाइकाशी बोलत राहिलो. डोकं वर काढलं तेव्हा रस्त्यापलीकडे कोणी नव्हतं. मला बरं वाटलं होतं.

हे मी पार्वताबाईंना सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवी वायरिंग बसवली. मेणाचा दोरा आता मिळत नाही, प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या. पण चिठ्ठ्या मी लिहिल्या. प्रत्येक तारेला एक, पेन्सिलीनं, वरून टेप. त्याची गरज नव्हती, तारा कंपनीच्याच रंगाच्या होत्या. चावी फिरवली, इंजिन लागलं. गरम होऊ दिलं. पंख्याचा रिले कट् आवाज करून लागला आणि पंखा फिरू लागला. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं जागच्या जागी.

उस्तादांनी डावा हात पुढे केला. मी खुर्ची दाराशी सरकवली. त्यांनी एक तार दोन बोटांत धरली आणि हलकेच ओढली. दुसरी ओढली. मग मागे टेकले.

"बराबर," ते म्हणाले.

रचना शेजारीच उभी होती. दोन दिवसांपूर्वी तिनंच मला सांगितलं होतं की त्या शब्दाला अर्थ नसतो. मी मान हलवली आणि पाने गोळा करू लागलो. सगळे पाने एकदम पेटीत टाकले.

त्यानंतर दर बुधवारी गाडी गोंदियाला जात होती. मी अधूनमधून संध्याकाळी जाऊन बसत असे. कधी बोदलकशाच्या तळ्यातली मासोळी मिळाली तर घेऊन जाई. उस्तादांना दुसरा शब्द आला नाही. मॅडम चित्रं दाखवत, गाय, झाड, पंखा. पंख्याचं चित्र आलं की ते डोळे मिटून घेत, असं रचना सांगायची. का ते तिला कळत नव्हतं. मॅडमनी ते चित्र काढून ठेवलं.

ऑगस्टमध्ये पोळ्याच्या चार दिवस आधी सकाळी त्यांना दुसरा झटका आला. रचनानं त्यांना गाडीत घातलं. मीही मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पाऊस जोराचा होता, वायपर पूर्ण वेगानं चालत होते, दिवे लागलेले, हॉर्न सतत. गाडी कुठंही थांबली नाही. चाळीस मिनिटांत आम्ही गोंदियाला पोहोचलो. डॉक्टर धावत आले, लगेच डोक्याचा फोटो काढला, सगळं वेळेत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दहाबारा दिवसांनी रचना दुकानात आली. हातात तीच फाइल होती. तिनं गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून घेतली.

"डॉक्टरनं मले फोटो समजावून सांगतला," ती म्हणाली. "जुने डाग हायेत मेंदूत. लहान लहान. पाच-सहा. म्हने, हे वर्ष-दीड वर्षापासून चालू होतं. घरच्यायले काई तरी दिसलंच असन." ती माझ्याकडे सरळ पाहत होती. "आईले विचारलं तं ते उठून भांडे घासाले गेली. तुमी ते वायरिंग खोलली होती. तुमाले का दिसलं?"

मी तिला सांगितलं. चिकटपट्टीचे जोड, चांदीचा फ्यूज, तीन पंखे, उभ्या रेघा. उस्तादांनी दातानं तोडलेली चिठ्ठी. आणि कापडाच्या दुकानासमोरचा तो दिवस, तोही सांगितला. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण सगळं सांगितलं.

बाहेर एक माणूस हॉर्न वाजवून मला बोलावत होता. मी गेलो नाही.

"मार्चमध्ये सांगतलं असतं तं?" तिनं विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "गोळ्या त्याच होत्या. मार्चमध्ये काई फरक पडला नसता. दिवाळीच्या आधी पडला असता. तेव्हा रक्त पातळ कराची गोळी सुरू झाली असती तं कदाचित हे दोन्ही..." ती थांबली. मग म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आली होती. बाबानं चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. सरळ हवेत. कप खाली पडला, फुटला. मी हसली. म्हनलं, बाबा, चष्मा बदला. मी नर्स होये, शेखरदादा. मी हसली."

"तुले कसं समजन..."

"मले समजाले पायजे होतं. तुमाले पन." तिनं फाइल बंद केली. "चिठ्ठ्या हायेत का त्या?"

"नाई. चुलीत गेल्या."

"एक पन नाई ठेवली?"

"नाई."

ती उठली. दाराशी जाऊन वळली. "तुमी मले त्या दिवशी पायरीवर सांगाले पायजे होतं. त्याईची लाज तुमी झाकली, ठीक हाय. पन मी त्याईची पोरगी होती." मग ती गेली.

ती मला वर्षानुवर्षं माफ करणार नाही असं मी धरून चाललो होतो. ऑक्टोबरात तिनं परत नवेगाव बांधची बदली घेतली आणि आईला सोबत नेलं. तिरोड्याचं घर बंद झालं. निघताना मला निरोप आला नाही, शेजारणीकडून कळलं.

या वेळी मी चार महिने घालवले नाहीत. पंधराव्या दिवशी, एका रविवारी, दुकान बंद ठेवून मोटरसायकलनं नव्वद किलोमीटर गेलो. क्वार्टर शोधत शोधत पोहोचलो. गाडी दारात उभी होती, चाकांना तळ्याकाठचा चिखल. पार्वताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बसायला चटई टाकली. आम्ही भातकापणीबद्दल, इकडच्या मजुरीबद्दल बोललो. उस्तादांबद्दल बोललो नाही. गाडीचा डावा मागचा दिवा लागत नाही म्हणाल्या. बल्ब गेला होता. खिशात होता, मी बदलून दिला.

रचना दवाखान्यातून जेवायला घरी आली. मला पाहून दारातच थबकली. मी उभा राहिलो. काय बोलावं ते मी वाटेत सडक अर्जुनीपासून ठरवत आलो होतो, त्यातलं काही आठवेना.

"जेवले का?" तिनं विचारलं.

"नाई अजून."

"आई, याईले वाढ." तिनं उभ्याउभ्याच चार घास खाल्ले. "मले परत जा लागते. डिलिव्हरीची केस हाय." हात धुतले, चावी घेतली. गाडी एका झटक्यात लागली. ती फाटकाबाहेर वळवताना तिनं आरशात मागे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. ताटात भात गरम होता. पार्वताबाई समोर बसून मला आग्रह करत होत्या, आणि मी जेवलो.